बसू न देणाऱ्या बाकाचं पदक

दादाला डिझाइनचं सुवर्णपदक मिळालं, त्या आठवड्यात चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी जेवढी माणसं येऊन गेली तेवढी बाबा गेले तेव्हाही आली नव्हती. दादा राहतो नव्या रायपुरात, बायको-मुलीसोबत, पण पदक त्यानं आईकडे आणून ठेवलं. आईनं शोकेसमधले ठेवणीतले कप काढले आणि मधला कप्पा पदकाला दिला. निळ्या मखमलीची डबी आणि तिच्यात ते जड, पिवळंधमक पदक. मी हातात घ्यायला गेले तर दादा म्हणाला, "बोटं नको लावू, खराब होते."

मी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर ह्याच बोटांनी लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करते. मी डबी जशीच्या तशी आईच्या हातात दिली आणि आत निघून गेले. आईला वाटलं, मला त्याचं बोलणं लागलं. लागलं होतंच, पण राग तेवढ्याचा नव्हता. ज्या वस्तूसाठी हे पदक मिळालं होतं ती मी रोज येता-जाता पाहत होते, आणि मला ती बघवत नव्हती.

ती वस्तू म्हणजे आमच्या दवाखान्याच्या गेटसमोरचा बस स्टॉप. आधी तिथं सिमेंटचा एक लांब ओटा होता आणि वर पत्रा. दिसायला काही खास नव्हता. पत्रा गंजलेला, ओट्याच्या कडेला पानाच्या पिचकाऱ्या. पण धमतरीकडून, महासमुंदकडून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथं बसायची, डब्यातला भात खायची. बाया लेकरांना पाजायच्या. ज्यांचा माणूस आत भरती आहे ते दुपारी गमछा अंथरून तिथंच आडवे व्हायचे. मग शहर सुंदर करायचं ठरलं. ओटा फोडला, आणि दादाच्या स्टुडिओनं बनवलेला नवा स्टॉप आला. पक्ष्याच्या पंखासारखं पांढरंशुभ्र छत. बसायला मात्र काहीच नाही. कमरेच्या जरा खाली स्टीलचा एक गुळगुळीत, पुढच्या बाजूला उतरता पट्टा. दादा त्याला बाक म्हणायचा. त्यावर बसता येत नाही, नुसतं टेकता येतं. कोणी आडवं होऊ नये म्हणून मध्ये मध्ये कमानी घातल्या. छत एवढं उंच की दुपारचं ऊन सरळ त्या बाकावर पडतं आणि मे महिन्यात हात लावला की चटका बसतो.

पदकासोबत मानपत्र होतं. आईनं ते येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. थांबणाऱ्या माणसाला ही रचना प्रतिष्ठा देते, असं काहीतरी त्यात होतं. परीक्षक रायपूरला आले नव्हते, त्यांनी फोटो पाहिले होते. फोटो थंडीतल्या सकाळचे होते, आणि त्यांत बाकाला टेकून मोबाइल पाहणारी हसरी मुलगी दादाच्याच स्टुडिओत कामाला होती. मी तिला ओळखत होते.

त्या रविवारी सगळे जेवायला बसलो तेव्हा मी विषय काढला.

"दादा, तिथं बसायची जागा काहून नाही ठेवली?"

"ते बसायसाठी नाहीच आहे," तो म्हणाला. "लोकांनी यावं, जरा टेकावं, बस आली की जावं. बाहेर सगळीकडे असंच करून राहिले आता."

"बस येते कधी, माहीत आहे तुले? तू उभा राहिलास तिथं कधी?"

वहिनीनं ताटातून नजर वर केली नाही. दादानं घास खाली ठेवला. "हे बघ, मले काम देतानाच सांगितलं होतं की तिथं कोणी झोपलं नाही पाहिजे. रोज पन्नास लोक पडून राहत होते. मी ते कमीत कमी चांगलं दिसेल असं करून दिलं. दुसरा कोणी असता तं सरळ खिळे ठोकले असते."

"म्हणजे झोपू न देण्याचं बक्षीस आहे हे."

"आई, हिले सांग काही."

लहानपणापासून त्याचं हेच. हरायला लागला की आईकडे पाहायचं. आईनं माझ्याच ताटात जोरानं भात वाढला आणि म्हणाली, "जेवू दे न त्याले. एवढं नाव झालं पोराचं अन् तू भांडून राहिली."

मी गप्प बसले. आईसाठी नाही. त्याच्या मुलीनं घाबरून जेवण थांबवलं होतं म्हणून.

मे महिन्यात माझी एक पेशंट होती, अभनपूरकडची म्हातारी. पडून खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं. तिला वॉकर धरून उभं करायला मला फार दिवस लागले. भित्री होती. उभी राहिली की वॉकर सोडून माझा कोपर घट्ट धरायची, आणि मी रागावले की हसायची. ज्या दिवशी ती वॉर्डच्या दारापर्यंत स्वतः चालत गेली, त्या दिवशी तिनं मला जवळ ओढून माझ्या गालावरून हात फिरवला. मग तिला सुटी दिली. तिची मुलगी न्यायला आली होती. भर दुपारी दोघी गेटबाहेर बसची वाट बघत थांबल्या.

मी जेवायचा डबा उघडला होता, तेवढ्यात गेटवरचा गार्ड धावत आला. "मैडम, वो आपकी वॉकरवाली अम्मा गिर गई।"

ती स्टॉपवर खाली पडली होती आणि वॉकर रस्त्यात जाऊन पडला होता. तिला उभं राहवेना म्हणून मुलीनं तिला बाकावर टेकवलं होतं आणि बस दिसते का पाहायला ती दोन पावलं पुढे गेली होती. तापलेलं स्टील आणि तेही उतरतं. म्हातारी दचकली आणि सरकली. मला पाहून ती रडली नाही. चोरी करताना सापडल्यासारखी शरमली आणि म्हणाली, "बइठे के जगा नइ रिहिस, दीदी." बसायला जागा नव्हती. जणू काही चूक तिची होती.

खुब्यातली प्लेट हलली नव्हती, पण मनगट मोडलं होतं. मनगट मोडलं म्हणजे वॉकर धरता येणार नाही, आणि त्या वयात एकदा पलंगावर गेलेलं माणूस किती उठतं ते मला चांगलं माहीत आहे. मी उभी केलेली बाई पुन्हा आडवी झाली. शेवटी घरी गेली ती गाडीत उचलून घालून. पुढे ती चालली की नाही, मला कळलं नाही.

मी त्याच दुपारी वॉर्डाच्या व्हरांड्यातून दादाला फोन लावला.

"तुझ्या बाकावरून माझी पेशंट पडली."

"जास्त लागलं का?"

"हात मोडला. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं तिचं."

"मग ती बस स्टॉपवर काय करून राहिली होती?" त्याचा आवाज एकदम चढला. "वॉकरवाल्या म्हातारीले तुम्ही लोक भर उन्हात गेटबाहेर काढून देता. एवढा मोठा दवाखाना, तिले बसवायले एक खुर्ची नाही तुमच्याकडे? अन् बिल माझ्या नावानं फाडता?"

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यामुळे माझा राग कमी झाला नाही. उलट अंगाची आग झाली.

"मग दोघांनीही लाज वाटून घेऊ," मी म्हणाले. "तू सुरुवात कर."

"तू जळून राहिली माझ्यावर," तो म्हणाला. "बाकी काही नाही." आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर काही दिवसांतच मराठी मंडळींनी त्याचा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हते. आई साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, सगळे विचारतील, बहीण कुठं आहे, मी काय सांगू? तिच्या तोंडाकडे पाहून मी गेले आणि हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ सगळं झालं. पदक टेबलावर मांडलं होतं आणि लोक रांगेनं येऊन त्याच्यासोबत फोटो काढत होते. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना एकाएकी उत्साह आला. कोणाला न विचारताच त्यांनी जाहीर केलं, की आता त्यांच्या भगिनी दोन शब्द बोलतील.

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, नको. नुसती हलवली नाही, डोळे वटारून हलवली. ती मान पाहिली नसती तर मी कदाचित हात जोडून बसून राहिले असते. मी उठले.

माइकवर मी खुर्चीची गोष्ट सांगितली. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दादा डिझाइन शिकायला बाहेर होता. सुटीत घरी आला. बाबांना साध्या खुर्चीतून उठता येत नव्हतं. मी आणि आई दोन्ही बाजूंनी ओढून त्यांना उठवायचो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, त्यांना त्याची फार लाज वाटायची. दादा काही दिवस नुसता बसून बाबांचं उठणं-बसणं पाहत राहिला. मग पुरानी बस्तीतल्या एका सुताराकडून त्यानं सागवानाची खुर्ची करवून घेतली. बैठक उंच, हात पुढे आलेले, टोकाला मुठीत मावेल असा गोल गोळा. आणि डावा हात उजव्यापेक्षा थोडा खाली, कारण बाबांचा डावा खांदा उतरला होता. त्या खुर्चीतून बाबा पहिल्यांदा एकटे उठले तेव्हा कुठं जायचं ते त्यांनाच सुचेना. खोलीच्या मधोमध उभे राहून ते आमच्याकडे पाहत होते. मी पुढे फिजिओथेरपीला गेले ती त्या दिवसामुळे.

लोक खूश झाले. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. दादानं मान खाली घातली होती. आईचा चेहरा असा फुलला होता की मला क्षणभर थांबावंसं वाटलं. थांबले नाही.

"ज्याला एका माणसाचा उतरलेला खांदा दिसला होता," मी म्हणाले, "त्याला आता आख्खी माणसं दिसत नाहीत. त्याच्या ह्या बक्षीसपात्र बाकावरून माझी पेशंट पडली आणि तिचा हात मोडला. तुम्ही सगळ्यांनी पदकासोबत फोटो काढले. एकदा दुपारी जाऊन त्या बाकावरही टेकून या."

दादा उठला आणि माझ्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, पण सौम्यपणे घेतला असंही नाही.

"घरच्या एका माणसासाठी बनवणं सोपं असतं," तो लोकांना म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. "शहर ज्यांना बसू देत नाही त्यांना मी एकटा कुठं बसवू? जे काम मिळालं ते मी जास्तीत जास्त चांगलं केलं. माझ्या बहिणीला हे समजणार नाही. तिच्यासमोर एका वेळी एकच पेशंट असतो."

टाळ्या त्याला पडल्या. अध्यक्षांनी घाईघाईनं अल्पोपाहाराची घोषणा केली आणि लोक माझ्या बाजूनं वाट काढत, माझ्याकडे न बघता प्लेट घ्यायला गेले.

घरात शिरल्यावर चपला काढता काढता आई म्हणाली, "माझ्या पोराची इज्जत घालवली तू चार लोकांत."

"मीसुद्धा तुझीच पोट्टी आहे न."

"आज नव्हती," आई म्हणाली.

दादाच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र मी सोडलं नाही. दवाखान्यात एक खुर्ची नाही का, हे. मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे इतक्या वेळा गेले की ते मला पाहूनच फाइल उघडायचे. शेवटी वैतागून त्यांनी परवानगी दिली. वॉर्डातून काढून टाकलेली लोखंडी बाकडी रंगवून आम्ही गेटच्या आत, पोर्चमध्ये ठेवली. सुटी झालेले पेशंट आता तिथं बसतात आणि बस दिसली की गार्ड हाक मारतो. सगळे मावत नाहीत. बाकीचे बाहेर दादाच्या छताखाली, त्या बाकापुढे जमिनीवर उकिडवे बसतात.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी कामावरून आले तर आई दिवाणावर बसली होती. बाबांच्या खुर्चीची जागा रिकामी. बाबा गेल्यापासून आई त्याच खुर्चीत बसायची, भाजी निवडायची, टीव्ही पाहायची.

"दादानं नेली," ती म्हणाली. "फोटो काढायचे आहेत म्हणे. आणून देतो म्हणाला."

कशासाठी नेली ते मला दवाखान्यातल्या एका नव्या डॉक्टर मुलीनं सांगितलं. मोबाइलवरची दादाची पोस्ट माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "दीदी, ये आपके भैया हैं न? कितना सुंदर लिखा है।" खुर्ची काळ्या पडद्यासमोर ठेवलेली, बाजूनं उजेड सोडलेला. ज्या संस्थेनं बाकाला पदक दिलं तिच्याच पुढच्या पुरस्कारासाठी दादानं ती पाठवली होती, आजारी माणसांसाठी केलेल्या वस्तूंचा एक वेगळा विभाग होता त्यात. खाली मजकूर होता. सुरुवातच उतरलेल्या खांद्यापासून. खोलीच्या मधोमध उभे राहिलेले बाबा, त्यांना ओढून उठवणाऱ्या मायलेकी, सगळं माझं. माझ्या भाषणातली वाक्यं त्यानं उचलून, नीटनेटकी करून तिथं लावली होती. माझी शेवटची वाक्यं तेवढी नव्हती.

त्या मुलीला काय बोलणार? मी म्हणाले, हो, माझाच भाऊ.

खुर्चीला रौप्यपदक मिळालं. दादा आईला विमानानं दिल्लीला घेऊन गेला. मलाही तिकीट काढतो म्हणाला, आईच्या फोनवरून. मी नाही म्हटलं. चार लोकांसमोर त्याला खाली ओढायला मी जे बोलले होते त्यावरच त्यानं दुसरं पदक मिळवलं, आणि ते बघायला टाळ्या वाजवत मी जावं अशी त्याची अपेक्षा होती.

खुर्ची परत आली ती ओळखू येईना. नवं पॉलिश, चकचकीत. उजव्या हाताच्या गोळ्यावर बाबांचा तळवा टेकून टेकून लाकूड काळपट, खोलगट झालं होतं आणि त्यांच्या अंगठीची एक बारीक खाच पडली होती. मी तिथं बोट फिरवलं. सगळं घासून सपाट केलं होतं.

"हे कायले केलं?" मी विचारलं.

"जुनाट दिसत होती," दादा म्हणाला. "परीक्षकांसमोर तशी कशी ठेवणार?"

"बाबांचा हात होता तिथं."

"माझे पण बाबा होते ते. खुर्ची मी बनवली."

"बनवली तू. झिजवली त्यांनी. तुले कोणी विचारलं होतं का घासायले?"

"तू प्रत्येक गोष्टीत मले गुन्हेगार करते," तो म्हणाला, आणि मला दिसलं की त्याचे ओठ थरथरत होते. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आई मध्ये पडली नाही. ती खुर्चीत बसली आणि जरा वेळानं हात गोळ्यांवरून काढून मांडीवर ठेवले.

तेव्हापासून आमचं बोलणं आईच्या औषधांपुरतं आहे. रिपोर्ट आले का, गोळी बदलली का, एवढंच. लोकांना वाटतं काळ गेला की असं भांडण आपोआप विरतं. आमचं विरलं नाही.

यंदा भाऊबीजेला तो आला. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पाट मांडला, रांगोळी काढली. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यानं ओवाळणी ताटात ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून आईला म्हणाला, "शहरात आणखी स्टॉप लागून राहिलेत, आपल्याच डिझाइनचे. पंडरीचं काम सुरू झालं परवा."

मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. आत्ता काही बोलले तर आईच्या सणाचं मातेरं होईल, हे समजत होतं. मग बाहेरून आईचा आवाज आला, हळू, विचारू की नको अशा स्वरात.

"पंडरीत तरी बसायले जागा ठेवली का रे?"

"आई," दादा म्हणाला, "आता तू पण नको सुरू होऊ."

थोड्या वेळानं आई आत आली आणि पहिलं पान माझं वाढलं.